केसांचे गळ बांधणारी हौसाक्का

हौसाक्का शिकवायची ती मारून. मागावरची एक जुनी लाकडी कांडी कायम तिच्या हाताशी असायची, आणि माझ्या दोऱ्याचा वेढा जरा ढिला पडला की ती कांडी बोटांच्या पेरांवर बसायची. खट्ट! आवाज आधी, कळ मागून. "आवळ की! हातात जीव न्हाय व्हय तुझ्या? भाकरी थापतीस का नुसती कुरवाळतीस?" मी चाळिशीची बाई, दोन पोरांची आई, आणि छडी खाल्लेल्या शाळकरी पोरीसारखी हात चोळत बसायचे. एकदा चिडून म्हटलं, "आक्का, पुन्हा मारलंस तर उठून जाईन." ती म्हणाली, "जा की. दार उघडंच हाय." मी काही गेले नाही.

कबनूरला आमची घरं समोरासमोर. मधला बोळ एवढासाच, की तिच्या घरातली शिवी आमच्या आमटीत पडावी. दोन्ही अंगांनी दिवसभर मागांचा खडखडाट, त्यामुळे आमच्या गल्लीत हळू बोलायची कुणाला सवयच नाही. हौसाक्काचा उभा जन्म मागावर गेला. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा ती घरी बसली आणि गळ बांधायला लागली. नदीवर, धरणावर काठी घेऊन मरळ धरायला जाणारी इचलकरंजीची, कोल्हापूरची हौशी मंडळी तिच्याकडे यायची. ते त्याला जिग म्हणत, ती गळच म्हणायची. शिशाचं डोकं ओतलेला गळ, आणि त्याच्या मानेला केसांचा झुपका. पाण्यातून ओढला की केस उघडझाप करतात, मरळीला वाटतं बारका मासा चाललाय, आणि ती तोंड टाकते. अशाच एका गिऱ्हाइकाचा फाटका जिग आक्कानं ब्लेडनं उसवून बघितला आणि पुन्हा बांधला, एवढंच तिचं शिक्षण. माझी ब्लाऊजची शिवणकामं तेव्हा आटत चालली होती. म्हटलं, दोऱ्याचाच खेळ आहे, शिकावं.

केस बोकडाच्या शेपटीचे. मटणाच्या दुकानातून शेपट्या आणायच्या, धुवायच्या, पत्र्यावर वाळवायच्या. पण एकदा तिला लांब काळे केस हवे झाले, तर ही बया सरळ मागच्या गोठ्यात शिरली आणि म्हशीच्या शेपटीचा गोंडाच कापून आली. म्हशीचा मालक काठी घेऊन दारात. "माझ्या म्हशीची अब्रू घेतलीस की म्हातारे!" "मग जा घिऊन आन् बस चिकटवत!" त्यानं काठी उगारली. आक्कानं ती हिसकावली आणि त्याच्याच पोटरीवर अशी हाणली की गडी कितीतरी दिवस लंगडत धार काढायला जायचा. त्या गोंड्याचे गळ मात्र झकास झाले.

स्वतःलाही ती काही जपायची नाही. एकदा आवळताना गळ निसटला आणि तिच्या अंगठ्यात आकड्यासकट रुतला. मी किंचाळले, ओढून काढायला गेले, तर मला कोपरानं ढकलून म्हणाली, "आल्या वाटंनं गळ परत जात न्हाय, येडे. मास फाडून यील. फुडं ढकलायचा." आणि तिनं ढकलला. कातडीखाली टोक चालताना मला दिसत होतं. ते पलीकडून बाहेर आलं, पकडीनं तिनं टोकाचा उलटा आकडा तोडला, उरलेली तार मागं ओढून काढली, अंगठा हळदीत बुडवला आणि त्याच हातानं पुढचा गळ घेतला. मी बाहेर जाऊन ओकले.

चिमूटभर केस घ्यायचे, फणीनं आतली लव काढून टाकायची, केस गळाच्या मानेवर ठेवायचे. पहिले वेढे सैल, आणि मग एकदम आवळायचं. तेवढ्यात केस गोल फिरले की सगळं मुसळ केरात. शेवटी गाठ, वर नेलपॉलिशचा थेंब. माझे केस नेहमी फिरायचे. बोकडाचे केस संपले तेव्हा मी शहाणपणा केला. डोकं विंचरताना निघालेलं गुंतवळ आम्ही बायका भिंतीच्या फटीत खोचून ठेवतो, बोहारणीला द्यायला. ते मी सोडवून, धुवून गळाला बांधलं आणि मिरवत तिच्यापुढं धरलं. आक्कानं माझ्या मुस्काटात मारली. कांडीनं नाही, हातानं. 

"बाईचा क्यास न्हाय बांधायचा. कुणाच्या हातात द्यायचा न्हाय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते बघून ती थोडी नरमली असावी. डोक्यावरचा पदर मागं सारून तिनं आपले पुरुषासारखे कापलेले पांढरे केस दाखवले. मला आजवर वाटायचं, उवांसाठी कापले असतील. "आमच्या घरधन्यानं भर कारखान्यात येणी धरून वढत न्हेलं हुतं मला. समदी बघत हुती. एक माग थांबला न्हाय, सुमे. त्याच रोजी कातरीनं कापून टाकली. धरायला कायच ठिवलं न्हाय." नवरा वारून कैक वर्षं झाली होती, पण तिनं केस वाढू दिले नाहीत.

आणि याच बाईच्या माडीवर तिचा मुलगा, राजाराम, बायकोला मारायचा. वैशाली हातकणंगल्याकडची, उंच, शांत पोर. कमरेखाली जाईल अशी वेणी. माग बंद असला की राजाराम दारू पिऊन यायचा, आणि वर धपाधप सुरू व्हायचं. भांडं आपटल्याचा आवाज, मग माणूस आपटल्याचा. त्या वेळी आक्का शिशाच्या डोक्यांवर उगीचच हातोडी ठोकत बसायची, ठकठक, ठकठक. मी म्हणायचे, "आक्का, कान गेले का तुझे?" "नवराबायकूचं हाय. मधी पडलं की दोगंबी आपल्याच नावानं बोंबलत्यात." मला तिचा असा संताप यायचा! म्हशीवाल्याची पोटरी फोडणारी बाई पोटच्या पोरापुढं मेंढरू व्हायची. मी दोन वेळा वर जायला उठले, दोन्ही वेळा तिनं माझा दंड धरून खाली बसवलं. आवळ, म्हणाली. दोरा आवळ.

एका दुपारी तिनं बोकडाच्या केसांची चिमूट गळावर ठेवली होती, दोरा दातात होता. जिन्यावरून राजाराम उतरला तो वैशालीची वेणी मुठीत पिळून, तिला पायरी-पायरीवर आपटत. "आये, सांग हिला! म्हायेरला जाती म्हणती! तंगडं मोडून ठिवीन!" वैशालीनं उंबरा दोन्ही हातांनी धरला. त्यानं हिसडा दिला. केस उपटल्याचा आवाज येतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. वेणीची मुळासकट एक बट त्याच्या मुठीत आली. कपाळाच्या वर कातडं दिसत होतं, रक्त भुवईवरून गळत होतं. त्यानं हात झटकला, आणि ते केस येऊन आमच्या कामाच्या पाटावर पडले, गळांच्या मधे.

आक्का त्या केसांकडं बघत राहिली. दातातला दोरा तिनं थुंकला. मग उठली, गुडघे नसलेली बाई कशी उठली कोण जाणे. तिनं राजारामचं मनगट धरलं. तो हसला, "आये, सोड." त्याला खरंच वाटलं आई समजूत घालतेय. तिनं ते मनगट खाली खेचून पाटावर दाबलं आणि हातोडी घातली. एकदा. तो ओरडला तसं पुन्हा घातली. हाड मोडलं, मी ऐकलं. दोन-चार गळ त्याच्या तळव्यात रुतले होते. "ह्यो हात माझ्या पोटात वाढला," ती ओरडत होती, "माझ्या पोटात! मीच मोडनार!"

गल्ली गोळा झाली. लोकांनी त्याला रिक्षात घातलं. हवालदारानं विचारलं, कुणी मारलं? "मी. माझाच हाय, मीच मोडला. लिवा. आन् आदी हिचं डोस्कं बगा, ते बी लिवा." सगळे पांगल्यावर मात्र ती जमिनीवर बसली आणि गुरासारखी हंबरडा फोडून रडली. "माझं लेकरू गं, सुमे! माझं लेकरू!" वैशाली डोक्याला फडकं बांधून कोपऱ्यात बसली होती. ती उठली, तांब्या भरून सासूपुढं ठेवला. माहेरी ती गेली नाही. राजाराम बिद्रीकडं कुणा मित्राच्या खोलीवर राहायला गेला, आणि त्या घरात दोघी राहिल्या. आक्का दिवसभर तिच्यावर खेकसायची. वैशालीला तिनं कांडी कधी लावली नाही.

गेल्या पावसाळ्यात आक्कानं अंथरूण धरलं. अन्न सुटलं, पाय सुजले. मी उशाशी बसले होते. दार वाजलं. वैशालीनं उघडलं आणि तिच्या हातातलं भांडं पडलं. राजाराम होता. वाळलेला, दाढी वाढलेली, शुद्धीत.

"कोन हाय?" आक्कानं विचारलं.

वैशाली भिंतीपर्यंत मागं सरली. मीच म्हटलं, "राजा आलाय, आक्का."

तिनं मान दाराकडं वळवली. वैशाली भिंतीला टेकून उभी होती. मरताना आईचा जीव लेकातच अडकतो, असं आमच्याकडं म्हणतात. मला वाटलं, झालं, आता ही त्याला आत बोलावणार, आणि उद्या ही डोळे मिटेल आणि वैशाली पुन्हा त्याच्या हाती.

"जेवलाय का इचार."

नव्हता जेवला.

"वाड त्याला. पायरीवर."

वैशाली जागची हलली नाही. मीच भाकरी आणि झुणका नेऊन दिला. तो डाव्या हातानं जेवत होता. आत आक्का कान देऊन पडली होती. ताटाचा आवाज थांबला तसं तिनं माझा हात चाचपला.

"पोटभर जेवला का गं?"

"जेवला."

"मग लाव दार."