अंक न्यायला कोण आलं होतं?

मंडळातल्या वाचकांनो, घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या. अंकाच्या मागच्या कोऱ्या पानांवर आपण प्रत्येकानं लिहायचं असतं, म्हणून आजचं आजच लिहिते.

आपल्या लेखकांच्या 'विहिरीतला म्हातारा' या भुताच्या गोष्टीचा हा अंक दुपारी एका बैठकीत वाचला. लहानपणी लेखक स्वतःही त्या म्हाताऱ्याला घाबरायचे हे वाचून फार मजा आली. घरात मी एकटी, बाहेर पावसाची झड. मध्येच परसदारी काहीतरी खरवडलं. मांजर असेल म्हणून मी पान उलटलं.

थोड्या वेळानं पुढच्या दारावर नखं वाजली.

"कोण हाय?"

पुन्हा नखंच वाजली. दाराखालून पाण्याचा ओघळ आत आला. गोष्टीत म्हाताऱ्याच्या आधी अगदी असाच येतो. मी वरवंटा उचलला आणि कडी काढली.

दारात निथळती छत्री घेतलेले मुल्लाणी मास्तर. माझ्यानंतर वाचायची पाळी त्यांची.

"वैनी, वरवंटा खाली ठेवा की. अंक न्यायला आलोय."

"मग तोंड न्हाय काय तुम्हास्नी?"

"शेवटचं पान वाचलं न्हाई व्हय? अंक न्यायला येणाऱ्यानं बोलायचं न्हाई, म्हाताऱ्यागत दार खरवडायचं. ह्या अंकापुरता मंडळाचा नियमच हाय."

आता ते सोप्यात चहा पितायत. आधी परसदारी कशाला गेला होता, असं मी विचारलं.

"मी न्हाई गेलो. तिकडं तर तुमची विहीर हाय."

मंडळींनो, आज तुमच्यापैकी कोणी परसदारी आलं होतं का? मी रागावणार नाही. फक्त हो म्हणा.