अरादजवळच्या बिनपगारी शेतावर, आबांना आणायला

हल्ली पुण्या-मुंबईच्या वाचकांची पत्रं येतात. "मावशी, पगार नाही, मालक नाही, सगळं सामाईक, अशा वस्त्या इस्रायलमध्ये अजून आहेत का? बघायच्यात. जमलं तर आपल्याकडे तसंच काही करायचंय." जा बाबांनो, जरूर जा. बसचा रस्ता, हवा, पायात काय घालायचं, सगळं सांगते. पण मी गेले होते ती वस्ती बघायला नव्हे, भांडायला. सत्तरचं दशक सरत आलं होतं, लीरा हे जुनं चलन अजून चालत होतं आणि माझे वडील अडुसष्टाव्या वर्षी अशाच एका वस्तीत जाऊन राहिले होते. त्यांना घरी आणायचं, एवढं एकच काम घेऊन मी आमच्या समुद्रकाठच्या अश्दोदहून निघाले.

आबा मुंबईत गिरणीच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. इस्रायलला आलो तेव्हा त्यांचं वय झालेलं, हिब्रू काही जिभेवर बसेना. बंदरावर गोदामाची राखण केली, मग तीही संपली. पाठोपाठ आई गेली. दिवसभर बाल्कनीत बसून बोटी बघायचे. माझ्या मुलांशी मराठीत बोलायला जायचे, मुलं हिब्रूत दोन शब्द टाकून पळायची. मी दवाखान्यातल्या नोकरीत आणि घरात पिचलेली. एक दिवस बंदरावरचा त्यांचा मोरोक्कन वेल्डर मित्र त्या वस्तीत राहायला गेला आणि महिन्याभरात आबांनी पत्र्याची ट्रंक भरली. "तिथं सगळ्यांना काम आहे म्हणतात," एवढंच बोलले.

तीन वर्षं मी दम धरला. पण लोकांची तोंडं कुठं धरणार? सिनेगॉगमधून बाहेर पडताना एखादी तरी बाई विचारायचीच, "रिबका, बापाला वाळवंटात टाकलंस?" शेवटी शेजारची लेआ मावशी मृत समुद्रावर जाऊन आली. वाटेत तिची बस त्या शेतावर थांबली होती. म्हणाली, "तुझे आबा गुडघ्यांवर रांगत होते गं मातीत." त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पेसाखच्या सणाच्या आत त्यांना घरी आणायचं, असं मी नवऱ्याला सांगून टाकलं.

जायचंच तर मार्चात जा. शुक्रवारी अजिबात निघू नका, दुपारनंतर बस बंद होतात आणि शनिवारचा शाबात सरेपर्यंत तुम्ही अडकता. मी रविवारी निघाले. अश्दोदहून बेरशेबा, तिथं बस बदलून अराद. तिकिटं महाग नव्हती, गर्दी मात्र सुट्टीवरून परतणाऱ्या सैनिकांची, त्यामुळे उभं राहायची तयारी ठेवा. सोबत मी तांदळाच्या भाकऱ्या आणि लिंबाचं लोणचं बांधून घेतलं होतं. आबांना आवडतं म्हणून, आणि लोणच्याच्या वासानं बाप घरी येईल अशी वेडी आशा म्हणूनही.

बेरशेबाच्या पुढे जमीन उघडीबोडकी होते. पण मार्चात तिच्यावर हिरवी साय धरलेली असते आणि मधूनच लाल फुलं. बेदुइनांचे काळे तंबू, शेळ्या, वर नुसतं आभाळ. अराद उंचावर आहे, हवा इतकी कोरडी की दमेकरी मुद्दाम तिथं राहायला येतात. तिथून वस्तीची पिकअप गाडी मला न्यायला आली होती. चालवत होती सुसाना. पन्नाशीची, दंडाला उन्हानं रापलेली, ब्युनोस आयर्सची दातांची डॉक्टर. तिचं हिब्रू माझ्यापेक्षा मोडकं. "तू एलियाहूची मुलगी," ती म्हणाली. "तो माझा जोडीदार. कामावरचा, हं." आणि मोठ्यानं हसली. मला मुळीच हसू आलं नाही.

वस्ती म्हणजे वीस-पंचवीस बुटकी घरं. छपरांवर पाणी तापवायच्या काळ्या पत्र्याच्या पेट्या. न्हाणीचं पाणी पाटानं झाडांना, खरकटं खड्ड्यात, खड्ड्यातलं खत परत शेतात. पगार कुणालाच नाही. बूट फाटले की सामाईक कोठारातून दुसरे घ्यायचे, आजारी पडलं की औषध मिळायचं. माणसं तरी किती तऱ्हेची! तो वेल्डर, रुमानियाहून आलेली एक शिवणकाम करणारी, दोन जर्मन पोरी आणि भांडी घासायला अमेरिकेतला एक प्राध्यापक. जेवणघरात मी त्याला टोचलं, "तुम्ही म्हणे अर्थशास्त्र शिकवायचा?"

"हो," तो हातातला टोप न ठेवता म्हणाला. "वीस वर्षं शिकवलं. आता करून बघतोय."

आबा वाळले होते, पण ताठ चालत होते. मला बघून त्यांचे डोळे भरले. भाकरी त्यांनी लगेच उलगडली, तुकडे केले आणि लोणच्यासकट अख्ख्या टेबलाला वाटली. त्यांच्या वाट्याला चतकोर राहिली. मला इतका राग आला! मी म्हटलं, "आबा, ती तुमच्यासाठी केली होती."

"इथं तसं नसतं गं," ते म्हणाले. "खा तू. मसूरची आमटी बरी आहे आज." आमटी खरंच बरी होती. पण मला ती गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते कामावर निघाले, मी मागोमाग. ऑलिव्हची रोपं होती, दोनेक वर्षांची. प्रत्येकाच्या बुंध्याशी काळी नळी आणि तिच्यातून थेंब थेंब पाणी. तिथलं पाणी खारं, नळीच्या भोकांत क्षार साठून ती बुजतात. भोक बुजलं आणि कुणाच्या ध्यानात आलं नाही, तर उन्हाळ्यात रोप दोन दिवसांत वाळतं. आबांचं काम म्हणजे रांगेनं जायचं, गुडघे टेकायचे, सुईनं भोक मोकळं करायचं आणि थेंब पडताना बघून पुढे सरकायचं. त्यांच्या चष्म्याची भिंगं आता बाटलीच्या बुडासारखी झाली होती. थेंब दिसत नाही म्हणून भोकाखाली बोट धरायचे.

मी शेडच्या सावलीत बसले होते. तासाभरानं दिसलं की सुसाना त्याच रांगेतून मागून येतेय. आबा तीसेक पावलं पुढे गेले की ही तिथं वाकायची, त्यांनी केलेलं भोक बघायची, मधूनच एखाद्यात स्वतःची सुई घालायची. आबांना पाठीमागचं काही दिसत नव्हतं. म्हाताऱ्याला काम दिल्याचं नाटक करायचं आणि मागून सगळं निस्तरायचं. माझे आबा, ज्यांच्या सहीशिवाय गिरणीचा कागद हलत नसे, त्यांचं मन राखायला ही परकी बाई मागून फिरतेय, असं मला वाटलं.

दुपारी जेवणानंतर मी विषय काढला. "आबा, घरी चला. मुलं आठवण काढतात."

"मुलं?" ते हसले. "रिबू, पेसाखला येईन चार दिवस. पण मुक्कामाला नको. उन्हाळा तोंडावर आलाय, ऑलिव्हची ड्यूटी माझी आहे. माझ्यावाचून अडतं इथं."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण माझी जीभ लहानपणापासून माझ्या पुढे धावते. म्हटलं, "काही अडत नाही. ती सुसाना तुमच्यामागून सगळं पुन्हा करते. मी डोळ्यांनी पाहिलं. तुम्हाला दिसत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुमचं मन मोडू नये म्हणून चाललंय सगळं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला असं वाटतं?"

"वाटायचं काय त्यात? उघड दिसतंय."

"बरं," आबा म्हणाले. उठून त्यांनी हात धुतले आणि ट्रंक ओढली. मी जिंकले होते आणि मला बरंही वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

बूट, टोपी आणि कामाचे कपडे त्यांनी कोठारात परत नेऊन दिले, कारण ते त्यांचे नव्हतेच. ट्रंकेत उरलं काय, तर दोन सदरे, आईचा फोटो, प्रार्थनेचं पुस्तक. प्राध्यापक हात पुसत दारापर्यंत आला. सुसानानं आम्हाला अरादच्या बसपर्यंत सोडलं. बस सुटेपर्यंत आबांचा हात खिडकीतून धरून उभी होती.

घरी सगळे खूश. सिनेगॉगमध्ये बायकांनी माझी पाठ थोपटली, लेआ मावशीनं हलवा केला. आबा परत बाल्कनीतल्या खुर्चीत बसले. पहिला महिना स्वतः खाली फिरायला जात, मग मी नेलं तरच, मग नेलं तरी नको म्हणू लागले. वर्षाच्या आत शर्टाची बटणं मी लावू लागले. डॉक्टर म्हणाले, वय आहे. मीही तेच म्हणत राहिले.

दीड वर्षानं सुसाना दारात उभी राहिली. अश्दोदला काही कामासाठी आली होती, हातात ऑलिव्हच्या पहिल्या फळांची बरणी. आबा बाल्कनीत डुलकी काढत होते. स्वयंपाकघरात ती हळूच म्हणाली, "एलियाहू आमच्यावर रागावलाय का? मी दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही."

मग मी तिला सांगितलं. मी काय पाहिलं आणि त्यांना काय बोलले, सगळं.

ती स्टुलावर बसलीच. "अगं, ती आमची रीत आहे. एक जण पुढे जातो, दुसरा मागून बघतो. दुसऱ्या दिवशी उलट. एकट्याच्या नजरेवर रोप सोडायचं नाही, डोळे कितीही चांगले असोत. तू पाहिलंस त्या दिवशी मी मागे होते. आदल्या दिवशी तो माझ्या मागे होता. माझी दर खेपेला चार-पाच भोकं बुजलेली सापडायची त्याला. बोटानं कळायचं, मला डोळ्यांनी कळत नव्हतं."

अशा वस्त्या बघायला जाणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: पाणी भरपूर न्या, डोक्यावर टोपी ठेवा, आणि जे दिसेल त्याचा अर्थ तिथल्या माणसांना विचारल्याशिवाय लावू नका. मी एक दिवस थांबले असते, तर मंगळवारी आबांना सुसानाच्या मागून जाताना पाहिलं असतं. एका दिवसाचा प्रश्न होता. चाळीसहून जास्त वर्षं झाली, अजून तो दिवस मला सोडत नाही.

सुसानाचं ऐकून त्या दिवशी मी बाल्कनीत गेले. आबा जागे झाले होते. म्हटलं, "तुम्हाला तर ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी तुम्हीच तिच्यामागून जायचा. मग मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

ते समुद्राकडे बघत होते. "तिथल्या कुणी मला निकामी म्हटलं असतं, तर भांडलो असतो," ते म्हणाले. "माझी पोर म्हणाली. म्हटलं, हिला आपण असे दिसतो, तर मग कुणाशी भांडायचं?"

मी म्हटलं, "सुसाना गाडी घेऊन आलीय. उद्या सकाळी तिच्याबरोबर जाऊ. मीच सोडते तुम्हाला."

आबांनी मांडीवरचे दोन्ही हात उचलून माझ्यापुढे धरले. बोटं थरथरत होती.

"आता नको, रिबू. तेव्हा तू म्हणालीस ते खोटं होतं. आता खरं झालंय."