शहनाजचा एकच फोटो

त्या गुरुवारी मी तिच्यावर चिडले होते. डोकं दुखतंय म्हणून शहनाज सलग दुसऱ्या दिवशी शाळेत आली नव्हती आणि तिचा चित्रकलेचा तास माझ्या गळ्यात पडला होता. सातवीच्या मुलांना मी फळ्यावर एक मडकं काढून दिलं आणि हेच काढा म्हणून सांगितलं. मडकं वाकडं आलं होतं. उद्या आली की ही हसणार, असंही मनात येऊन गेलं. तेवढ्यात आमचे शिपाईकाका दारात आले. आत न येता तिथूनच म्हणाले, “बाई, शहनाज मॅडम गेल्या.” मी विचारलं, “कुठं?” ... खरंच विचारलं मी. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. वर्गात मुलं खाली मान घालून मडकं काढत होती. आज दोन महिने झाले, पण तो ‘कुठं’ अजून मला ऐकू येतो.

एकवीस वर्षं आम्ही दोघी सोलापुरातल्या एकाच शाळेत शिकवत होतो. माझं माहेर चादरी विणणाऱ्यांचं, घरी तेलुगू. तिच्या घरी दखनी. दोघींची भाषा मराठी. तिचं वय एकोणपन्नास, साखर नाही, रक्तदाब नाही, शाळेचा जिना ती अजून दोन-दोन पायऱ्या एकदम चढायची. अशी बाई बुधवारी डोकं धरून बसते आणि गुरुवारी सकाळी नसते... मेंदूतली एक रक्तवाहिनी फुटली, एवढंच कळलं. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

दोन वर्षांपूर्वी तिची मुलगी आफरीन पुण्याहून ईदला आली, तेव्हा आईसाठी एक छोटा डिजिटल कॅमेरा घेऊन आली. दोन्ही हातांच्या ओंजळीत सहज मावेल एवढा. त्याची लेन्स बदलता येत नव्हती आणि त्याला झूमही नव्हता. “मग माझा मोबाईल काय वाईट?” मी म्हटलं. “लांबचं जवळ पाहिजे असलं तर आपणच जवळ जायचं,” ती म्हणाली. “पाय आहेत की!” दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिनं मला खिडकीत उभं केलं, माझ्या इरकल साडीच्या पदराचा एक फोटो माझ्या मोबाईलवर काढला, एक तिच्या कॅमेऱ्यावर, आणि दोन्ही फोटो संगणकाच्या खोलीत मोठ्या पडद्यावर शेजारी-शेजारी लावले. “मोबाईलनं बघ, सगळं कसं उजळून टाकलंय. सावली ठेवलीच नाही. आता इकडं बघ... घडीच्या आत काळं दिसतंय ना? त्यात निळा आहे.” मला आधी काही दिसेना. ती फोटो मोठा करत गेली, आणखी मोठा, आणि मग एकदम दिसलं. घडीच्या अंधारात निळा धागा होता, त्याच्या शेजारी हिरवा, आणि एके ठिकाणी सुताची बारीकशी गाठ. ती साडी मी आठ वर्षं नेसत होते. शहनाज खुर्चीत मागे रेलून त्या गाठीकडे अशी बघत होती, जशी एखादी बाई ताटातल्या आवडत्या पदार्थाकडे बघते.

त्यानंतर आमचे रविवार बदलले. कधी बार्शी, कधी मोहोळ, एसटीत बसायचं आणि संध्याकाळी परत. तिला देवळं, किल्ले, सूर्यास्त यांत काही रस नव्हता. तिला लागायचं पोत. पोत्याचा ताग, डाळिंबाची साल, म्हशीच्या शिंगावरच्या रेघा. बार्शीच्या बाजारात तिनं ज्वारीच्या ढिगाचा फोटो घेतला. व्यापारी कौतुकानं म्हणाला, “काढा की! एक खडा सापडायचा न्हाय असला माल हाय.” तिनं तिथंच कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो मोठा करून त्याच्यापुढं धरला. एका दाण्यावर किडा बसला होता, सगळ्या पायांसकट. व्यापारी कॅमेऱ्याकडे बघतो, ढिगाकडे बघतो... “ताई, ह्यो माझा न्हवं, शेजारच्याचा,” म्हणाला, आणि आम्ही तिघं पोट दुखेपर्यंत हसलो.

मोडनिंबला एका शेळ्या राखणाऱ्या म्हातारीचा चेहरा तिनं अगदी हातभर अंतरावरून टिपला होता. म्हातारीनं पडद्यावर स्वतःला पाहिलं. “ही मी व्हय? लई सुरकुत्या हायत की!” मला वाटलं, बाई रागावली. शहनाज म्हणाली, “आवडला नसेल तर पुसून टाकते, आजी.” म्हातारी बराच वेळ बघत राहिली. “ऱ्हाऊ दे,” म्हणाली. “इतक्या जवळनं आजवर कुणी बघितलंच न्हाय.” पुढच्या महिन्यात शहनाजनं मोठी प्रत काढून तिला नेऊन दिली.

तिचा स्वतःचा फोटो मात्र नव्हता. शाळेच्या गटाच्या फोटोतसुद्धा ती कुणाच्या तरी खांद्याआड असायची. शेवटच्या रविवारी ती आमच्याकडे आली होती, माझ्या वडिलांनी विणलेली एक जुनी चादर बघायला. गच्चीवर दोरीला ती टांगून तिनं पंधरा-वीस फोटो घेतले. मी म्हटलं, “आण इकडं. आज तू उभी राहा.” नको नको करत ती चादरीपुढं उभी राहिली. मी तिच्यासारखीच दोन पावलं पुढं गेले आणि बटण दाबलं. पडद्यावर बघून ती म्हणाली, “हा डोळा बघ कसा मिटल्यासारखा आलाय. पुसून टाक.” मी म्हटलं, “ऊन लागलं असेल. राहू दे, असू दे एक तरी.” ती हसली आणि चहा मागितला.

दफन झाल्यावर आठवड्यानं आफरीननं कॅमेऱ्यातलं कार्ड माझ्या हातात दिलं. “मावशी, यातले सगळे फोटो मला काढून द्या. मला आत्ता बघवत नाहीत.” मी घरी संगणकावर ते उघडले. चादरीच्या फोटोंमागून तो एक आला. सवयीनं मी तो मोठा केला... तिनंच लावलेली सवय. केसांतली मेंदी दिसली, नाकाच्या चमकीवरचा उजेड दिसला, आणि मग डोळे. उजवा पूर्ण उघडा. डाव्याची पापणी अर्ध्यावर उतरलेली, आणि तिच्याखालची बाहुली दुसरीपेक्षा मोठी. ऊन तिच्या तोंडावर नव्हतंच. ऊन चादरीच्या मागं होतं.

माझा धाकटा भाऊ डॉक्टर आहे. मी त्याला काही न सांगता फोटो दाखवला. त्यानं एकदाच पाहिलं आणि विचारलं, “अक्का, हा कधीचा?” रविवारचा, मी म्हटलं. त्यानं चष्मा काढला. मग म्हणाला, मेंदूतली रक्तवाहिनी फुगली की डोळा असा होऊ शकतो, असं दिसलं तर त्याच तासाला दाखवायला हवं. पण दाखवलं असतं म्हणून वाचलीच असती, असं कुणी सांगू शकणार नाही. त्याची पहिली ओळ मला ऐकू आली. दुसरी त्यानं माझ्यासाठी जोडली असणार. चार दिवस हातात होते. मी तिच्या डोळ्यात बघितलं होतं, तिनं बोट ठेवून दाखवलं होतं, आणि मी उन्हाचं नाव घेतलं होतं.

बरेच दिवस मी तो फोटो कुणाला दिला नाही. आफरीनला बाकीचे सगळे पाठवले. पण मग चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर मला राहवेना. मी शहनाजच्या घरी गेले. तिचे यजमान इकबालभाई एकटेच होते. ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान त्यांनी अजून उघडलं नव्हतं. मी मोबाईलवर फोटो उघडून त्यांच्यापुढं ठेवला आणि सगळं सांगून टाकलं, भाऊ काय म्हणाला तेही. मला वाटलं, आता हा माणूस मला या घराची पायरी चढू देणार नाही. ते फोटोकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, “बाई, सोमवारी, मंगळवारी मी समोर बसून चहा पीत होतो. तुम्हाला काय वाटतं, मला दिसलं नाही? मी म्हटलं, पेपर तपासून डोळे थकलेत.”  मी निघताना ते म्हणाले, “याची प्रत द्याल मला? दुसरा फोटोच नाही तिचा.”

प्रत काढायला मी स्वतः गेले. स्टुडिओवाले चांगले गृहस्थ होते. पडद्यावर बघून म्हणाले, “मॅडम, फोटो एकदम खणखणीत आलाय, फक्त डावा डोळा तेवढा पडलाय. दोन मिनिटांत उजव्यासारखा करून देतो.” माझा हात त्यांच्या मनगटावर कधी गेला ते मला कळलंच नाही. “नको,” मी म्हटलं. “ती अशीच होती त्या दिवशी.”

इकबालभाईंनी प्रत दोन्ही हातांत घेतली. आमच्यात फोटो भिंतीवर लावत नाहीत, म्हणाले, आणि शहनाजचं लाकडी कपाट उघडलं. तिच्या ओढण्या घडी घालून तशाच होत्या. वरच्या कप्प्यात, ओढण्यांना टेकवून, त्यांनी फोटो उभा ठेवला. मग दार लावता लावता थांबले. “माझे कपडे पण यातच असतात,” म्हणाले. “रोज उघडावं लागतं.”