न मोजता सांगणारी माणसं

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, ते साचतात. आमच्या फरीदाबादच्या ऑफिसात तर रफ कागदांच्या गठ्ठ्यासारखे साचलेत! काम साधंच आहे. नवं रसायन आलं की त्याचं क्रिटिकल टेम्परेचर सांगायचं, म्हणजे ज्याच्या वर कितीही दाब दिला तरी वायूचा द्रव होत नाही ते तापमान. पुष्कळ रसायनं तिथवर तापवायला गेलं तर वाटेतच मोडून पडतात, मग मोजणार काय? म्हणून रेणूचे कागदावर तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचा ठरलेला आकडा मिळवायचा आणि उकळण्याच्या तापमानाशी सांगड घालून उत्तर काढायचं. "मोडा, मोजा, मिळवा!" हा आमच्या देवधर सरांचा मंत्र.

*

शेजारच्या लॅबमधल्या चौधरीजींना हे कधीच पटलं नाही. "बिना नापे बता देते हो? आप तो ज्योतिषी हो, देवधर साहब!"

सर शांतपणे म्हणाले, "ज्योतिषी को नौ ग्रह लगते हैं. हमारा चार कार्बन में हो जाता है!"

*

एका रविवारी सर मला जवळच दिल्लीला, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाऊसच्या कँटीनमध्ये थालीपीठ खायला घेऊन गेले. ताट यायच्या आत नॅपकिनवर हिशोब तयार! "भाजणी, कांदा, कोथिंबीर, वर लोणी... दहापैकी साडेआठ."

पहिला घास घेतला आणि चेहरा पडला. "चार."

"म्हणजे सर, अंदाज चुकला?"

"छे! प्रयोग चुकला."

*

आईने पुण्याहून दोन मुलींचे बायोडेटा पाठवले. दोघी इंजिनीअर, दोघींना ट्रेकिंगची आवड, दोघींना एकेक भाऊ. सरांनी तुकडे मोजून निकाल दिला, "उत्तर सारखंच येतंय. कुठलीही कर!"

पहिली मुलगी दिल्लीचं नाव ऐकताच अर्धा चहा टाकून उठली. दुसरी आज माझी बायको आहे.

आमच्यात सगळ्यात नवी असलेली रुख्साना मुलाणी हे ऐकून म्हणाली, "सर, तुकडे तेच असले तरी जोडणी वेगळी असते ना!"

सर म्हणाले, "पद्धतीची मर्यादा, यार!"

*

आता माझी फजिती. एका रसायनाचा आकडा मी मोठ्या ऐटीत सरांपुढे ठेवला. सरांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अरे, एवढा जाड रेणू, आणि उकळतो चहासारखा?"

बाटलीवर उकळण्याचं तापमान ठळक छापलं होतं, मी तेच घेतलं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की ते व्हॅक्यूममध्ये मोजलंय. व्हॅक्यूममध्ये सगळंच लवकर उकळतं, हे मला कॉलेजपासून पाठ होतं. त्यानंतर महिनाभर माझ्यासाठी चहा आला की सगळं ऑफिस विचारायचं, "लेबल वाचलंस का?"

*

आणि हा सरांच्या रिटायरमेंटच्या आठवड्यातला.

रुख्सानाचं प्रोबेशन संपत आलं होतं. कन्फर्मेशनचा फॉर्म सरांच्या टेबलावर, सही बाकी. ती झाली नाही तर सांगलीला परत, आणि तिथे घरचे लग्नाची यादी घेऊन बसलेले! सर मात्र आपल्या शेवटच्या रिपोर्टमध्ये गुंग होते. चष्मा नेहमीसारखा शर्टाच्या खिशात. तो लावणं त्यांना कमीपणाचं वाटायचं.

सरांनी सगळ्यांसमोर आकडा वाचला. आम्ही टाळ्या वाजवल्या. रुख्साना तेवढी हातातली बाटली फिरवून फिरवून बघत होती.

माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "खाली बारीक अक्षरात व्हॅक्यूम लिहिलंय. सांगू?"

मी म्हटलं, "आधी सही होऊ दे." या सल्ल्याची मला आजही लाज वाटते.

"तोवर रिपोर्ट प्लांटला जाईल ना!" असं म्हणून ती उठली. बाटली सरांसमोर ठेवली.

"सर, एवढा जाड रेणू, आणि उकळतो चहासारखा?"

सरांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला आणि लेबल दोनदा वाचलं. रिपोर्टवर आडवी रेघ मारली. मग तोच पेन घेऊन रुख्सानाचा फॉर्म पुढे ओढला आणि सही ठोकली.

फॉर्ममध्ये शेवटचा रकाना होता, 'सुधारणेला वाव कुठे?' सरांनी त्यात स्वच्छ मराठीत लिहिलं, "वरिष्ठांच्या चष्म्यात."