चालू गोष्ट बंद करण्याचा अधिकार

मातृभाषा ही आई असते. आमच्या गणेशोत्सवात व्यासपीठामागच्या पडद्यावर हे वाक्य सोनेरी कागदात कापून लावलं होतं. त्याच्याच खाली मला माईकवरून हटवलं.

निवेदन करताना मी म्हटलं होतं, "सगळे स्वल्प मागं सरा, मुलांना दिसत नाही." आमच्या घरात 'थोडं' कुणी म्हणत नाही. पिढ्यान् पिढ्या म्हैसूरला आहोत. कापड रंगवणारी, छापणारी माणसं. मराठी टिकवली, ती कन्नडला टेकूनच.

सभागृह हसलं. उत्सव करणाऱ्या मंडळातले बहुतेक महाराष्ट्रातून नोकरीनिमित्त आलेले, अध्यक्ष पुण्याचे. त्यांनी माझ्या हातातला माईक घेतला. "मॅडम, प्लीज डिसकंटिन्यू. शुद्ध मराठी बोलणारं कुणी आहे का?"

पुन्हा हशा. पहिल्या रांगेत माझी आई होती. सगळे हसतायत म्हणून तीही हसली.

ते मी विसरणार नाही.

घरी अण्णा, माझे थोरले काका, म्हणाले, "सोड ग. मोठी माणसं ती. हब्बा आहे, सणात भांडण कशाला?"

मी सरस्वतीपुरममधल्या शाळेत इंग्रजी शिकवते. दुसऱ्या दिवशी नववीच्या फळ्यावर तेच क्रियापद लिहिलं, 'डिसकंटिन्यू'. 'स्टॉप' कुणीही कुणालाही म्हणावं. रिक्षाला, भुंकणाऱ्या कुत्र्याला. 'डिसकंटिन्यू' मात्र चालवणारा करतो. डॉक्टर औषध बंद करतो, कंपनी स्कूटरचं जुनं मॉडेल. बोलणाऱ्या बाईला ते लागत नाही. साहेबांनी मला जुनी स्कूटर समजलं होतं.

मुलं वाक्यात उपयोग करत बसली. मी खडू धरून उभी. आम्ही काय चालवतो? सभागृह. पूर्वी जिथं रंगवलेलं कापड वाळायचं, त्या जागेवर आमच्या लोकांनी बांधलेलं. उत्सवाला ते मंडळाला नुसतं तोंडी सांगण्यावर द्यायचं, अशी आमची रीत. विश्वस्तांची बैठक झाली. अण्णा सोडून सगळे माझ्या बाजूनं.

पुढच्या वर्षी अध्यक्ष पेढे घेऊन आले. "नेहमीप्रमाणे दहा दिवस, काय मॅडम?"

"साहेब, ती सोय आम्ही डिसकंटिन्यू केली."

"अहो, एवढ्यावरून? गंमत होती ती."

"माझ्या आईलाही तसंच वाटलं होतं."

"आपण सगळे मराठीच ना शेवटी?"

"म्हणून तर कन्नडमध्ये सांगत नाही."

पेढे परत दिले. लोक म्हणतात, मन मोठं करावं. मन आहे तेवढंच ठेवलंय. हा सूड आहे, आणि तो मला आवडला. पुढच्या वर्षीही नाहीच. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. आता आमच्या सभागृहात आमचा गणपती बसतो, आणि निवेदन मी करते, माझ्या मराठीत.

मंडळाचा गणपती यंदा गोकुलममध्ये, जिथं परदेशी लोक योग शिकायला येतात तिथं, एका योगवर्गाच्या खोलीत बसला. आरतीच्या वेळी तिथल्या जर्मन बाईंनी टाळ्या हळू वाजवायला सांगितलं. मंडळींनी हळू वाजवल्या.