शेवंतामामीने परत मागितलेले काळे तुकडे

आज सकाळी तुमच्या घरी आंघोळीचे पाणी कशावर तापले? हसू नका. माझ्या शेवंतामामीने हाच प्रश्न वस्तीत दारोदार विचारला, तेव्हा लोक असेच हसले होते. तीन आठवड्यांपूर्वी मामा रामदासपेठेतल्या दवाखान्यातून एकटेच आले. मामीला घरी आणायला चार माणसे हवी होती. "गेली..." एवढेच म्हणाले. तिची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती तिने.

मामा इतवारी बाजारामागच्या एका भट्टीवर कामाला आहेत. तिथे ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवतात. बॅटरीची उरलेली काळी, टणक पेटी मालकाच्या काही उपयोगाची नसते, म्हणून ती कामगारांनी सरपणाला न्यायची, अशी तिथली रीत. केवढी मेहेरबानी! त्या फुटक्या पेटीचा तुकडा लाकडापेक्षा लवकर पेटतो आणि पावसाळ्यातही जळतो. साऱ्या वस्तीत मामीच्या चुलीवर पाणी आधी उकळायचे, आणि त्याची तिला ऐट होती. त्याच चुलीच्या राखेने ती भांडी लख्ख घासायची. कुणाकडे बाळंतीण असली की शेकायला टोपलीभर तुकडे स्वतः पोचवायची; शेजारच्या सुमनच्या बाळंतपणातही पोचवले होते. मी युनियनच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर झोपून वाढलो, कामगारांच्या हक्कांच्या घोषणा मला तोंडपाठ. पण त्या धुरात बसून मी शेकडो वेळा चहा प्यालो आणि एकदाही विचारले नाही, की हे जळते आहे ते काय आहे...

आधी तिच्या पोटात कळा यायच्या. मग चेहरा पांढुरका पडत गेला. "तोंडाले लोखंडाची चव येऊन राहिली रे बाबू," असे ती म्हणायची, आणि आम्ही ते पित्तावर ढकलायचो. पाय सुजले तेव्हा मी तिला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी मामांचे काम विचारले, मग घरी काय जाळता ते विचारले. मामीने कौतुकाने सांगितले. डॉक्टरांनी लिहिणे थांबवले. शिसे धुरातून जाते, राखेतून जाते, आणि मूत्रपिंड वर्षानुवर्षे गुपचूप मारत राहते, असे ते म्हणाले. मी मामीला घरी घेऊन आलो. दारात म्हणाली, "सुमनच्या लेकराले शेकाले मीच देल्ले होते ना..."

दुसऱ्या दिवशी ती सुजलेल्या पायांनी टोपली घेऊन निघाली, दिलेले परत मागायला. सुमनची सासू गिरजाबाई दारातच हसली. "काहून वं शेवंता, देल्लेलं वापस मागून राहिली? सरपण सरलं का तुह्यं?"

"जाळाले नाही वं, फेकाले पाहिजे. राख बी ठेवू नको घरात."

"तू बिमार पडली, त्याचा राग आमच्या चुलीवर काहून काढून राहिली?"

काहींनी तुकडे दिले, काहींनी लपवले. मामा घाबरले. मालकाच्या कानावर गेले तर? मामी म्हणाली, "जाऊ द्या कानावर. आपल्या तर नाकात गेलं हाये." जमवलेले सगळे तुकडे तिने माझ्या मदतीने भट्टीच्या फाटकावर नेऊन ओतले. मुनीम बाहेर आला. "बाई, तुम तो यहाँ काम ही नहीं करती, फिर तुम्हारी बीमारी हमारी कैसे?" त्याला उत्तर द्यायला मी घोषणा शोधत राहिलो. एकही उपयोगाची नव्हती. संध्याकाळी पाळी सुटली आणि दुसऱ्या वस्तीच्या कामगारांनी तो ढीग उचलून घरी नेला.

मामा अजून त्याच भट्टीवर जातात. भट्टीचे कपडे अंगणातच उतरवतात, शिसे घरात येऊ नये म्हणून मामीने लावलेली सवय. आता घरात कोणासाठी, हे विचारायची माझी हिंमत होत नाही.

परवा सुमनकडे गेलो होतो. बाळ दीड वर्षाचे झाले, पण भिंत धरूनही उभे राहत नाही. तोंड पांढुरके. मागच्या पडवीत पोत्याखाली काळे तुकडे रचलेले दिसले. सुमन माझ्याकडे बघत होती, गिरजाबाई तिच्याकडे. येत्या रविवारी त्या बाळाला रक्त तपासायला न्यायचे आहे. मी पोरगेला, माझे गिरजाबाई ऐकणार नाही. लेकरे वाढवलेल्या बाईचे कदाचित ऐकेल. हे वाचणाऱ्या आयाबायांनो, तुमच्यापैकी एकीने तरी माझ्यासोबत त्या दारात उभे राहावे. सकाळी लवकर यावे, तिथली चूल पेटायच्या आत.