दरवेशी आणि परदेशी अस्वल

नवे पैसे यायच्या आधीची गोष्ट. फ्रेंच राज्यक्रांतीपूर्वीची स्विस चिल्लर जमवायचा मला नाद होता. अस्वलाचं चित्र असलेलं असंच एक नाणं मी आर्वीच्या बाजारात एका दरवेशाला कौतुकानं दाखवलं. त्यानं ते दाढीवर घासलं, आपल्या अस्वलाला हुंगवलं.

"आपल्या पैशावर सिंह काऊन हाय? त्यानं कोणाचं पोट भरलं?" असं म्हणून त्यानं नाणं उंच धरलं आणि गर्दीला ओरडून सांगितलं, "पाहा, याच्या आज्याच्या नावानं विलायतेत पैसा चालते!"

लोक हसत पैसे टाकू लागले. माझा जीव मात्र नाण्यात अडकलेला. खेळ संपल्यावर त्यानं ते परत केलं आणि वर एक आणा ठेवला.

"घ्या साहेब. तुमच्यावालं अस्वल बी राबलं आज."

मी सरकारी कारकून. पण तो आणा काही नाकारवला नाही.